सरावात ५७०, स्पर्धेत ५५०: मधल्या वीस गुणांचं काय करायचं?

प्रश्न डोंबिवलीहून एका वडिलांनी विचारला आहे. मुलगी अकरावीत आहे, तीन वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. रेंजवर रोजच्या सरावात ६०० पैकी ५६५ ते ५७० होतात आणि स्पर्धेत गाडी ५५० च्या आसपास अडकते. हात थरथरतो, छातीतली धडधड कानात ऐकू येते, असं ती म्हणते. कोणीतरी ‘एचआरव्ही बायोफीडबॅक’ सुचवलं, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची चढउतार पडद्यावर बघत श्वासाने ती हाताळायला शिकणं. त्यात तथ्य आहे का, त्यासाठी महागडं घड्याळ घ्यावं का, घरी होतो तो प्राणायाम पुरेसा नाही का, आणि दोन महिन्यांवर आलेल्या राज्य स्पर्धेपर्यंत काही फरक पडेल का, असं त्यांना विचारायचं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. फरक पडू शकतो, पण कशात पडेल हे नीट समजून घ्या. धडधड बंद होणार नाही. ती ऑलिंपिकच्या फायनलला उभं राहणाऱ्यांचीही बंद होत नाही. बदलू शकतं ते एवढंच, की एका वाईट शॉटनंतर वर गेलेले ठोके पुढच्या वेळी पिस्तूल उचलायच्या आत किती खाली येतात. खेळाडूंबरोबर इतकी वर्षं काम करताना माझा सगळा भर याच एका गोष्टीवर राहिला आहे. ‘घाबरू नकोस, शांत राहा’ असं सांगितल्याने कोणी शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. वर गेल्यावर लवकर सावरायला मात्र शिकता येतं, आणि ते शरीराच्या अंगानेच शिकावं लागतं.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेत सायनस नोड नावाचा पेशींचा छोटासा पुंजका असतो. ठोक्याची सुरुवात तिथून होते. त्याला एकट्याला सोडलं तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. मग स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ६५-७० कशी असते? मेंदूच्या तळातून निघून मानेतून छातीत उतरणारी व्हेगस नर्व्ह त्याचा वेग सतत कमी करत असते म्हणून. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकांच्या दोन हृदयांवर प्रयोग केला. एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली, त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. नर्व्ह एक रसायन सोडते आणि त्याने ठोके कमी होतात, हे त्यातून कळलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. या कामाला १९३६ चं नोबेल मिळालं.

तुमच्या मुलीच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट आहे वेग. व्हेगसचा परिणाम एक-दोन ठोक्यांत दिसतो आणि तितक्याच पटकन ओसरतो. धोक्याच्या वेळी अंगात बळ आणणारी सिंपथेटिक यंत्रणा मात्र चढायला काही सेकंद घेते आणि उतरायला त्याहून जास्त. रक्तात एकदा ॲड्रेनलिन मिसळलं की त्याचा असर जायला मिनिटं लागतात. म्हणजे दहापैकी आठचा शॉट लागला, पोटात गोळा आला, तर पुढच्या मिनिटभरात ते ॲड्रेनलिन काही काढून टाकता येत नाही. हाताशी राहते ती व्हेगस. आणि तिच्यापर्यंत पोचायचा आपल्या ताब्यातला सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे श्वास, त्यातही श्वास सोडणं.

आज रात्री जेवणानंतर तासाभराने मुलीला खुर्चीत बसवा आणि मनगटावरची नाडी तिची तिलाच धरायला सांगा. श्वास हळू आत घेताना ठोके जरा जवळजवळ येतील, सोडताना लांब लांब जातील. तिच्या वयात हा फरक बोटाला सहज कळतो. नाडी मिनिटाला ६० म्हणजे दर सेकंदाला बरोबर एक ठोका, असं निरोगी हृदयात नसतं. एक अंतर ०.९४ सेकंदाचं, पुढचं १.०८ चं, असं ते सारखं हलत असतं. या हलण्याला एचआरव्ही, म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणतात. पालक घाबरून विचारतात की ठोके असे मागेपुढे होणं हा आजार तर नाही ना. श्वासाबरोबर होणारी ही हालचाल आजार नाही, उलट व्हेगस जागी असल्याची ती खूण आहे.

आता बायोफीडबॅक. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत रक्तदाब मोजणारे रिसेप्टर असतात. दाब वाढला की ते ठोके कमी करायला लावतात, दाब उतरला की वाढवायला. हा निरोप जाऊन परिणाम दिसेपर्यंत साधारण पाच सेकंद जातात, त्यामुळे ठोक्यांची एक पूर्ण लाट जवळपास दहा सेकंदांची होते. श्वासही त्याच लयीत, म्हणजे मिनिटाला सुमारे सहा घेतला, तर दोन्ही लाटा एकमेकींवर बसतात. पाळणा परत यायच्या नेमक्या क्षणी हलका हात लावला की झोका मोठा होत जातो, तसंच. एव्हगेनी वाशिलो आणि पॉल लेहरर यांनी यावरून शिकवण्याची पद्धत बसवली. प्रत्येकाची लय थोडी वेगळी, मिनिटाला साडेचार ते सातच्या दरम्यान. उंच माणसांची जरा संथ असते. ती लय शोधायची, मग तिच्यात रोज श्वास घ्यायचा, आणि पडद्यावर आपल्याच ठोक्यांची लाट बघत शिकायचं. एवढंच आहे ते. मेंदूला वायरी जोडत नाहीत, विजेचा झटका नाही, औषध नाही.

प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. एका सतरा वर्षांच्या तिरंदाज मुलीला ठोके मोजणारा छातीचा पट्टा ओला करून बांधला आणि नेहमीसारखा श्वास घ्यायला सांगितला. पडद्यावर बारीक दातेरी रेघ आली, ठोके ७४ ते ७९ मध्ये. मग दहा सेकंदांचा एक श्वास, चार आत, सहा बाहेर. पहिली दोन मिनिटं तिचा ताळमेळ बसेना, खांदे वर जात होते. तिसऱ्या मिनिटाला खांदे सुटले आणि रेघेची लाट झाली: ६५, ८४, परत ६५. तिचा चेहराच बदलला, कारण हे आपण करतोय हे तिला समोर दिसत होतं. मग मी तिला जिल्हा स्पर्धेतला तो शेवटचा बाण आठवायला सांगितला. दोन श्वासांत लाट मोडली, ठोके ९५ ला. तोंडाने काही बोलली नाही, पण पडद्याने सगळं सांगितलं. पुन्हा लाट यायला तेव्हा दीड-दोन मिनिटं लागली. काही आठवडे नियमित सराव केल्यावर तीच आठवण काढली तेव्हाही ठोके वर गेलेच. फक्त तीन-चार श्वासांत परत खाली आले. मला याच तीन-चार श्वासांशी मतलब असतो.

तुमच्या मुलीसाठी सुरुवात अशी करा. पहिल्या दिवशी मिनिटाला साडेसहा, सहा, साडेपाच, पाच आणि साडेचार श्वास, प्रत्येकी दोन मिनिटं करून बघायचं, मध्ये थोडी विश्रांती. ज्या वेगाला लाट सगळ्यात मोठी आणि गुळगुळीत, तो तिचा. पट्टा नसेल तर सहापासून सुरुवात करा, फार चुकणार नाही. मूळ पद्धतीत रोज दोनदा वीस-वीस मिनिटं सांगितली आहेत. अकरावी, क्लास, लोकल आणि रेंज सांभाळणाऱ्या मुलीकडून एवढं मागणं मला पटत नाही. सकाळी दहा आणि झोपायच्या आधी दहा मिनिटं, पण रोज. आठवड्यातून एकदाच तासभर बसण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.

इथे बहुतेक मुलं एकच गोष्ट चुकतात. ‘हळू’ सांगितलं की ती ‘खोल’ ऐकतात आणि छाती फुगवून हवा ओढतात. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. ट्रिगरवरच्या बोटाला मुंग्या आल्या तर खेळ संपलाच. श्वास नेहमीएवढाच घ्यायचा, फक्त संथ. नाकाने आत, पोट हलकंसं पुढे, आणि ओठ थोडे मिटून फुंकर घातल्यासारखा लांब बाहेर. चक्कर आली तर श्वास उथळ करायचा, जोर लावायचा नाही.

दोन आठवडे बसून झालं की उभं राहून करा. याकडे सगळे दुर्लक्ष करतात. माणूस नुसता उभा राहिला तरी ठोके दहा-वीसने वाढतात आणि लाट लहान होते. पिस्तूल उभं राहून चालवायचं असताना सगळा सराव गादीवर मांडी घालून केला तर तो रेंजवर कामाला येत नाही. तिच्या नेहमीच्या पवित्र्यात, बूट घालून, हात खाली सोडून करायला सांगा.

मग खरा सराव. पात्रता फेरीत साठ शॉटना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सरासरी ७५ सेकंद. पिस्तूल उचलल्यापासून शॉट जाईपर्यंत पंधरा-वीस सेकंद धरले तरी जवळपास एक मिनिट उरतं. त्या मिनिटात दहा सेकंदांचे तीन श्वास आरामात बसतात. क्रम असा ठेवा: शॉट गेला, पिस्तूल टेबलावर, स्क्रीनवर एकदाच नजर, मग नजर खाली टेबलाच्या कडेवर, एक लांब फुंकर, त्यानंतर तीन श्वास, आणि मग उचलणं. उचलताना श्वास कसा घ्यायचा, कुठे अर्धा सोडून थांबायचं, हे तिच्या प्रशिक्षकांनी शिकवलं आहे तसंच राहू द्या. त्यात मी किंवा तुम्ही हात घालायचा नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत शॉट मारायचा, असलं काही डोक्यात घालू नका. अनुभवी नेमबाजांचे ठोके शॉटच्या आधीच्या काही सेकंदांत आपोआप मंदावतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. लक्ष नीट लागलं की ते होतं. मुद्दाम करायला गेलं की लक्षच जातं.

स्पर्धेत मुलगी बिघडायला लागली हे ओळखायचं सगळ्यात चांगलं साधन कुठलंही यंत्र नाही. दोन शॉटमधला वेळ मोजा. सरावात ती ७० सेकंदांनी शॉट मारते आणि आठ लागल्यावर पुढचं पिस्तूल २५ सेकंदांत उचलते, असं बहुतेक वेळा आढळेल. वाईट शॉट पुसून टाकायची घाई असते ती. ठोके अजून १३० ला असतात, हात अजून थरथरत असतो, आणि दुसराही आठ जातो. मुलं सांगतात, ‘एक खराब गेला आणि मग सगळंच गेलं.’ जातं ते त्या घाईत. तीन श्वासांचा क्रम सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथे, कारण तो शरीराला सावरतो आणि मधला वेळही भरून काढतो.

याचा सराव घरी करता येतो. पिस्तुलात पेलेट नाही याची दोनदा खात्री करा, ड्राय फायरसाठी, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर ओढायच्या सरावासाठी, भिंतीवर कोरा कागद लावा. मुलीला बिल्डिंगचे तीन-चार मजले जिन्याने जोरात चढायला लावा. दारात आल्या आल्या ठोके १४० च्या घरात असतील. आता तोच क्रम: टेबल, फुंकर, तीन श्वास, उचलणं, ड्राय शॉट. पाच फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. दर वेळी पहिल्या मिनिटात ठोके किती उतरले ते वहीत लिहा. व्यायाम थांबल्यावर पहिल्या मिनिटातली ही घट मुख्यतः व्हेगस परत कामाला लागल्यामुळे होते. म्हणून सावरण्याचं ते बरंच चांगलं माप आहे. घट आठवड्यागणिक वाढताना दिसली की मुलीचा स्वतःवर विश्वास बसतो. माझ्या बोलण्याने बसणार नाही इतका तो त्या वहीने बसतो.

नायगाव, प्रभादेवी, लोअर परळच्या मैदानांवर कबड्डी बघितली असेल तर हे तुम्ही पाहिलंही असेल. चढाई करणारा एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तीस सेकंदांपर्यंत समोरच्या अंगणात राहतो. तो सगळा वेळ श्वास बाहेरच सोडला जात असतो, तोही ठोके १७०-१८० ला असताना. परत आल्यावर काहीजण कमरेवर हात ठेवून धापा टाकत राहतात, आणि काहीजण दोन लांब उसासे सोडून लगेच बचावाच्या साखळीत हात देतात. तिसऱ्या-चौथ्या चढाईलाही ज्यांचं डोकं ठिकाणावर असतं ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. त्यांना हे कोणी शिकवलेलं नसतं, खेळातून आलेलं असतं. पण जे आपोआप येतं ते शिकवताही येतं.

प्राणायामाबद्दल विचारलंत. तुमच्या घरी संथ अनुलोम-विलोम होत असेल, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला जात असेल, तर तुम्ही या पद्धतीच्या अगदी जवळ आहात. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. लॅटिन जपमाळेची प्रार्थना असो की ‘ॐ मणि पद्मे’ मंत्राचा जप, म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि ठोक्यांची लाट वाढते, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं ते योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यासाठीच. मरीन ड्राइव्हवर त्यांचं केंद्र आहे. मुलीला श्वास नीट बसवून घ्यायचा असेल तर अशा जाणत्या ठिकाणी शिकवा, मोबाईलवरच्या व्हिडिओंवरून नको. मात्र कपालभाती आणि भस्त्रिका शॉटच्या आधी अजिबात नकोत. त्यांनी शरीर चेततं. वेटलिफ्टरला ते चालेल, नेमबाजाला नाही. दीर्घ कुंभक, म्हणजे श्वास बराच वेळ रोखून धरणं, तेही तिला लागत नाही. आणि मुलीला पोहायला आवडत असेल तर पाण्यात उतरण्याआधी जोरजोरात श्वास घेऊन दम साठवायचा खेळ सक्त मना. त्याने पाण्याखाली शुद्ध जाऊन जीव गेले आहेत.

अभिनव बिंद्राचं उदाहरण सगळे देतात, मीही देते, पण जरा सांभाळून. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या शेवटच्या शॉटआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅक्किनेन बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ मारला, हॅक्किनेनचा ९.७ गेला. त्याआधी बिंद्राने दक्षिण आफ्रिकेचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ टिमोथी हार्कनेस यांच्याबरोबर बायोफीडबॅकवर काम केलं होतं. म्हणून सुवर्णपदक बायोफीडबॅकने दिलं असं मी म्हणणार नाही. त्यामागे वर्षानुवर्षांची नेमबाजी होती. पण एवढ्या वरच्या पातळीचा खेळाडू ठोक्यांवर आणि श्वासावर वेळ घालवतो, याचा अर्थ ही बाजू सरावाच्या बाहेरची नाही.

त्याच ऑलिंपिकची दुसरी आठवण पालकांनी लक्षात ठेवावी. उत्तर कोरियाच्या किम जोंग सूने पिस्तूलमध्ये दोन पदकं जिंकली आणि प्रोप्रानोलॉल सापडल्यामुळे दोन्ही गमावली. हे बीटा ब्लॉकर औषध, ॲड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम रोखतं, हाताची थरथर कमी करतं. नेमबाजीत ते स्पर्धेच्या काळात आणि एरवीही बंदी घातलेलं आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण मायग्रेनसाठी, धडधडीसाठी, परीक्षेच्या भीतीसाठी हीच गोळी साध्या दवाखान्यात लिहून दिली जाते आणि देणाऱ्याला मुलगी नेमबाज आहे हे माहीत नसतं. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर ‘ही नेमबाजी खेळते, बीटा ब्लॉकर चालत नाही’ हे वाक्य पहिलं सांगा.

घड्याळ. शिकण्यासाठी ते लागत नाही. मनगटावरचं घड्याळ हिरव्या प्रकाशाने रक्ताचा प्रवाह बघतं. झोपेत, हात स्थिर असताना त्याचा आकडा ठीक येतो, हालचालीत बिघडतो. श्वासाबरोबरची लाट बघायला छातीचा पट्टाच हवा. तो थेट विजेचा सिग्नल पकडतो. पोलर एच१० सारखा पट्टा आणि फोनवरचं साधं ॲप एवढ्यात काम होतं. रेंजवरच्या दोन-तीन मुलांनी मिळून एक घेतला तरी चालेल, फक्त पट्टा धुऊन वापरा.

घड्याळ आधीच घरात असेल तर त्यातला एचआरव्ही, बहुतेकदा ‘आरएमएसएसडी’ नावाचा, लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते सांगणारा आकडा, तब्येतीचा अंदाज घ्यायला वापरा. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नाही, सात दिवसांची सरासरी बघा. तिची तुलना फक्त तिच्याच मागच्या महिन्याशी करा. मैत्रिणीचा ९० आणि हिचा ५५ म्हणजे मैत्रीण चांगली, असं नसतं. वय, शरीर, आनुवंशिकता, मोजायची पद्धत, सगळ्याने तो बदलतो. मासिक पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत तो बऱ्याच मुलींचा थोडा खाली जातो. हे माहीत नसल्यामुळे मुली उगाच काळजी करत बसतात. फिनलंडमध्ये धावपटूंवर काम करणाऱ्यांनी २००७ मध्ये सकाळच्या एचआरव्हीनुसार त्या दिवशीचा सराव कमी-जास्त करून चांगले परिणाम मिळवले होते. पण ते दमश्वासाचे खेळाडू. नेमबाजाच्या बाबतीत सरासरी सलग चार-पाच दिवस घसरलेली दिसली तर मी पहिला प्रश्न विचारते तो झोपेचा.

आणि मुंबईत त्याचं उत्तर बहुतेकदा लोकलमध्ये सापडतं. डोंबिवलीहून पहाटे निघायचं, दादरपर्यंत उभं राहायचं, तिथून वरळीला रेंजवर, मग कॉलेज, संध्याकाळी क्लास, घरी यायला साडेनऊ. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम जाऊन पाणी कमी पडलं की ठोके तसेच वाढलेले राहतात. त्यात गणपती-नवरात्रात खिडकीखाली स्पीकर. अशा दिवसांत श्वासाच्या व्यायामाने कमी पडलेली झोप भरून निघत नाही. कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आठवड्यातली एक रेंज कमी करून त्या दिवशी तिला उशिरापर्यंत झोपू दिलंत तर मला जास्त आनंद होईल. लोकलमध्ये बसायला मिळालं तर ठाणे ते दादर हा वेळ श्वासाच्या सरावाला छान आहे, डोळे उघडे ठेवून. गर्दीत, आवाजात करायची सवय स्पर्धेत फार उपयोगी पडते.

हे सगळं कितपत सिद्ध झालं आहे, हेही सांगायला हवं. ताण आणि चिंता कमी होण्याबाबत पुरावा चांगला आहे. खेळातल्या कामगिरीबाबतचे अभ्यास आहेत, पण छोटे. २०१२ साली भारतातल्याच बास्केटबॉलपटूंवर एक झाला. रोज वीस मिनिटं, दहा दिवस बायोफीडबॅक दिल्यावर चिंता कमी झाली आणि खेळही सुधारला, असं त्यात दिसलं. एवढ्यावरून मी तुम्हाला ‘वीस गुण वाढतील’ असं आश्वासन देणार नाही, आणि देणाऱ्यापासून सावध राहा. शहरात आता ‘हार्ट-ब्रेन’ नावाने भलतेसलते दावे करून पॅकेज विकणारेही आहेत. हृदयातून निघणाऱ्या लहरींनी समोरच्या खेळाडूवर परिणाम होतो असं कोणी सांगू लागलं, तर तिथून उठून या.

तिची धडधड साधी स्पर्धेची आहे की आणखी काही, याची एकदा खात्री करा. सराव करताना किंवा धावताना कधी शुद्ध हरपली असेल, ठोके काही कारण नसताना एकदम १८०-२०० ला जाऊन तसेच झटकन खाली येत असतील, छातीत दुखत असेल, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक हृदयाने मृत्यू झाला असेल, तर श्वासाचे प्रयोग बाजूला ठेवून आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि ईसीजी काढा. मुली चिडचिडतात, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतात. तरी न्या. दम लागणं, थकवा, केस गळणं असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्या. पंडुरोगात ठोके वाढलेलेच असतात आणि तो आपल्या मुलींमध्ये सर्रास आढळतो.

तर दोन महिने असे: पहिले दोन आठवडे बसून, पुढचे दोन उभं राहून. पाचव्या आठवड्यापासून जिना आणि ड्राय फायर, आणि रेंजवर प्रत्येक शॉटच्या मध्ये तोच क्रम, चांगल्या शॉटनंतरही. फक्त वाईट शॉटनंतर केला तर शरीर त्याला धोक्याची खूण समजायला लागतं. सहाव्या-सातव्या आठवड्यात प्रशिक्षकांना सांगून एक-दोन सामने लावा. मागे लोक उभे, मोबाईल वाजताहेत, गुण मोठ्याने वाचले जाताहेत, असे. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी घड्याळातला एचआरव्हीचा आकडा तिला बघू देऊ नका. तो कमीच असणार, आणि तो बघून ती आणखी घाबरेल. चहा-कॉफी रोजच्याएवढीच, जास्त नाही, आणि उपाशीपोटी पाठवू नका. तुम्ही मागे बसाल तेव्हा तिच्या स्क्रीनकडे बघून मान हलवू नका. मुलांना ते पाठीमागूनही कळतं. गुण लिहायचे नाहीत. स्टॉपवॉच लावून फक्त दोन शॉटमधला वेळ वहीत टिपा. परतीच्या गाडीत ‘तो आठ कसा गेला’ हे विचारायचं नाही. वही दोन दिवसांनी तिच्या प्रशिक्षकांच्या हातात द्या. कुठल्या शॉटनंतर अंतर कमी झालं आणि किती शॉटनी ते परत ७० सेकंदांवर आलं, हे त्यांना त्यातून लगेच दिसेल आणि पुढचा सराव त्यावरून बसवता येईल.